दोनशे सात नंबरचा फोन

सोमवार, ता. ३
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! मालवाहतुकीची कंपनी, तीनशे बारा ड्रायव्हर, प्रत्येकाला कंपनीचा फोन. त्या फोनमधलं निरोप पाठवायचं कंपनीचं ॲप किती मेमरी खातंय, एवढंच मी स्क्रीनवर बघत बसायचं. एकेका फोनची एकेक पट्टी. पट्टी लाल झाली की फोन गुदमरतोय असं समजून ‘बंद’ दाबायचं. ॲप रिकामं होऊन आपोआप पुन्हा सुरू होतं. आईला सांगितलं तर म्हणते, म्हणजे तीनशे जणांच्या पोटात काय चाललंय ते बघायचा पगार! खिडकीजवळची खुर्ची मिळाली. शेजारच्या बाईंनी मात्र माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

बुधवार, ता. ५
दोनशे सात नंबरने कालपासून डोकं उठवलंय. बंद केला की पंचवीस मिनिटांत पट्टी पुन्हा लाल. आमच्या साहेबांना सगळे मुकादम म्हणतात. त्यांना विचारायला गेले, तर सगळ्यांदेखत सुनावलं, की इथे प्रश्न विचारायचा पगार मिळत नाही, मुकाट दाबत राहा. शेजारच्या बाई रुमालाआड हसल्या. दिवसभरात एकोणीस वेळा दाबलं.

गुरुवार, ता. ६
दुपारी चारच्या सुमारास एक बाई काउंटरवर आली. तिचा ड्रायव्हर भाऊ सोमवारपासून घरी आलेला नाही. इथे त्याला लंबू म्हणतात. मुकादमांनी तिला बसाही म्हटलं नाही. न सांगता दांडी मारणाऱ्यांना शोधत फिरायला आम्ही रिकामे नाही, म्हणाले. जाताना ती माझ्याकडे वळली. म्हणाली, त्याच्या फोनवरून काही कळेल का, नंबर दोनशे सात. मी मान खाली घातली. नवी नोकरी, काय बोलणार? पाचला पट्टी लाल झाली. दाबलं आणि घरी आले.

शुक्रवार, ता. ७
राहवलं नाही. मुकादम यायच्या आत दोनशे सातच्या मेमरीची नक्कल उतरवून घेतली. आत नुसते आवाजी निरोप, एकही पोचलेला नाही. रेंज इतकी तुटक की अख्खा निरोप जाईना आणि ते अडकून साठत होते; नक्कल तुकड्यातुकड्याने येते म्हणून ती उतरली. मी दाबलं की सगळे पुसले जात होते.
कानाला लावले. मागच्या गोदामात आहे, फळांच्या थंड खोलीत, दार बाहेरून लागलंय, कुणीतरी या. तेच, पुन्हा पुन्हा. मधेच रडतो.
धावत गेले. वॉचमनने कुलूप तोडलं. लंबू दाराला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. हंगाम संपल्यामुळे सोमवारनंतर ती खोली कुणी उघडलीच नव्हती.
डॉक्टर म्हणाले, काल दुपारी बाराच्या आसपास गेला.
म्हणजे बुधवारी तो जिवंत होता. मी एकोणीस वेळा—

शनिवार, ता. ८
मुकादमांनी पोलिसांना नोंदी दिल्या. प्रत्येक ‘बंद’पुढे माझं नाव. कुलूप कुणी लावलं ते कुणी विचारलंच नाही. लंबूची बहीण समोर आली आणि थुंकली. मी तोंड पुसलं नाही.
त्याचा फोन पोलिसांच्या पाकिटात आहे, बॅटरी काढलेली. तरी ऑफिसच्या स्क्रीनवर त्याची पट्टी लाल.
आणि एक गोष्ट आत्ता लक्षात आली. गुरुवारी पाचला मी शेवटचं दाबलं होतं, आधीचं सगळं पुसलं गेलं. मग काल मी जे ऐकलं ते पाचनंतरचं. तो तर बारालाच—
आज पुन्हा नक्कल उतरवली. आता मदत मागत नाही. एकच विचारतो, बंद कोण करतंय.

रविवार, ता. ९
घरी. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये ते ॲप मी कधीच घेतलं नव्हतं. आज आहे. काढलं. परत आलं. फोन बर्फासारखा गार.

भर दुपारी दार वाजतंय.

आईने फटीतून पाहिलं. म्हणते, अगं, तुझ्या ऑफिसातला दिसतोय, उंच आहे, किती गारठलाय बिचारा. नको म्हणून ओरडले. ती म्हणते, माणुसकी आहे की नाही तुला. उठायला जाते तर पाय— हात गार पडलेत, अक्षर नीट—

आई, कडी नको काढू, आई