पडलेली खुर्ची

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरतेच, कंबर धरली आहे.) तुमचे गुडघे तुम्हाला निदान फाटकापर्यंत तरी नेत असतील, अशी आशा आहे.

तुमचे नाव पाटीवर आहे की नाही ते पाहायला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, रविवारी सिनेमाच्या सामानाच्या त्या संग्रहालयात गेलो. थर्माकोलचे खडक, रबरी कुऱ्हाडी, आतून पोकळ असलेले जाडजूड ग्रंथ ओलांडून तिसऱ्या दालनात पोचलो. चाळीस वर्षांपूर्वी स्टुडिओत केलेली तुमची ती जेवणाची खोली तिथे आहे. टेबल बोटभर, ताटे बटणाएवढी. खाली पाटी : ‘कारागीर अज्ञात’. वाईट वाटले. (तुमच्यासाठी की स्वतःच्या मिरवण्यासाठी, हे डायरीत दोनदा लिहून खोडले.) काच पुसायला उतरवली होती आणि आत एक खुर्ची आडवी पडली होती. तुमच्या कामात गबाळेपणा दिसू नये म्हणून मी ती दोन बोटांनी उभी केली.

रखवालदार धावत आला. “काका, शिकलेले दिसता, ‘हात लावू नये’ ही पाटी वाचता येत नाही?” मी म्हटले, पाटी वाचूनच हे झाले. मग प्रमुख बाई आल्या. त्यांनी शांतपणे सांगितले की सिनेमातल्या त्या प्रसंगात नवरा भरल्या ताटावरून उठून घर सोडतो. सगळी गोष्ट त्या खुर्चीत आहे. मी ताबडतोब ती पाडायला गेलो, तर रखवालदाराने मनगटच धरले. कोणत्या अधिकाराने हात लावला, असे विचारल्यावर तोंडून निघून गेले की ही माझ्या मामांची खोली. बाईंचा चेहरा पालटला. मला चहा मिळाला. त्यांनी तुमचे नाव लिहून घेतले, खाली माझी सही घेतली. सध्या ते तक्रारवहीत आहे. शुक्रवारी पाटीवर येईल.

बाकी क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. खुर्ची कुठल्या बाजूला पडली होती? रखवालदार म्हणतो खिडकीकडे, बाई म्हणतात दाराकडे. मी स्वतः उचलली, पण शपथेवर सांगू शकत नाही. सिनेमाची रिळे केव्हाच खराब झाली. करणाऱ्यालाच ठाऊक असणार, असे बाईंचे म्हणणे.

आणखी एक. मामी म्हणतात, तुम्ही स्टुडिओत नुसता डिंक कालवायचात. मी कधीच विश्वास ठेवला नाही. (हे पूर्ण खरे नाही.) तसे असेल तर बाजू अंदाजाने कळवू नका. डिंक कोणासाठी कालवत होतात, त्यांचे नाव गुरुवारपर्यंत कळवा. सही माझी आहे.