ओबिस्पो तित्तर आणि बाबांचा सापळा

सिएर्रा मोरेना,
५ फेब्रुवारी

चि. कासिल्दा हिस,
थोरल्या भावाचे अ. उ. आ. वि. वि.

माझा ओबिस्पो गेला. हो, तोच आमिषाचा तित्तर, ज्याला तू ‘दादाचा थोरला मुलगा’ म्हणून चिडवायचीस. नऊ वर्षं पिंजऱ्यातून साद घालून रानातले तित्तर माझ्या बंदुकीसमोर आणत होता. नाव बिशपचं, तोराही बिशपचाच. परवा सकाळी बाबांच्या रीतीप्रमाणे पिंजरा भिंतीवर उन्हात टांगला, म्हणजे हंगामात घसा मोकळा राहतो. आत जाऊन पावावर तेल घालतोय तोवर बाहेर फडफड. धावत आलो तर भिंतीवर लिंक्स, डोंगरातली ती मोठी रानमांजर! अंगभर ठिपके, कानांवर काळे झुपके, शेपूट जेमतेम वीतभर, आणि तोंडात माझा ओबिस्पो. पळाली असती तर एक वेळ माफ केलं असतं. बाईसाहेबांनी आधी मला नीट न्याहाळलं, मग सावकाश गेल्या.

आता मीही सोडत नाही. गोठ्यातल्या खिळ्यावरचा बाबांचा लोखंडी सापळा काढला, तेल दिलं. जबडा पहिल्याच दमात उघडला. सत्त्याहत्तरीतही मनगटात जोर आहे, काय समजलीस! मात्र तुझ्या नातीला, एल्विराला, यातलं काही कळू देऊ नकोस. पोरगी दिवसभर अँटेना घेऊन याच लिंक्सच्या गळ्यातल्या रेडिओपट्ट्यांचा माग काढत हिंडते. तिला कळलं तर मी तुरुंगात.

तित्तर गमावलेला तुझा दादा,
फेर्मिन

कोर्दोबा,
१२ फेब्रुवारी

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

ओबिस्पोचं वाचून आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. वहिनी गेल्यापासून त्या घरात तुझ्याशी बोलणारा तो एकटाच होता, हे मला ठाऊक आहे. पण सापळ्याचं वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला.

अरे, किती कष्टांनी आल्यात त्या परत! मध्यंतरी शंभरसुद्धा उरल्या नव्हत्या. सशांवर रोग पडला, आणि या जनावराचं सशावाचून पान हलत नाही. एल्विराच्या माणसांनी डोंगरात ससे आणून सोडले, त्यांच्यासाठी बिळं बांधली, जमीनमालकांची दाढी धरधरून कुंपणं उघडून घेतली. तुझ्या तुकड्याचीच सही तेवढी दोन वर्षं अडलीय! प्रत्येक लिंक्सच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, त्यावरून पोरगी एकेकीला नावानं ओळखते. तुझ्या चोरटीलाही नाव असणार.

आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा लष्करात होतास, मी बारा वर्षांची. बाबांनी त्या सापळ्यात लिंक्स धरली. मालकाचं रान राखायचं तर असली जनावरं मारायची, ही तेव्हाची रीत. कातडं काढताना आचळांत दूध दिसलं. बाबा सुरी टाकून उठले आणि तीन दिवस डोंगरात पिलं शोधत फिरले. सापडली नाहीत. त्यानंतर सापळा खिळ्याला गेला तो गेलाच. तू तो काढलास, दादा. पाया पडते, परत टांग.

एल्विराला अजून सांगितलेलं नाही. लोभ आहे तसा राहू दे; या खेपेला ऐकलंस तर माझ्याकडून थोडा वाढेलही.

तुझी धाकटी,
कासिल्दा

सिएर्रा मोरेना,
२० फेब्रुवारी

चि. कासिल्दा,
अ. उ. आ. या वेळी जरा खालच्या आवाजात.

तुझं पत्र आलं तेव्हा सापळा ओढ्याकाठी लावून चार दिवस झाले होते. वाचलं आणि तसाच चढणीला लागलो. गुडघे काय म्हणतायत ते ऐकायला वेळ नव्हता. हे त्यांचे गाभण राहायचे दिवस, एवढंच डोक्यात.

सापळा रिकामा होता. पण मधल्या पत्र्यावर चिखलाचा गोल पंजा उमटलेला, नखांची खूण नाही; मांजराची जात नखं आत ओढूनच चालते. म्हणजे तिचाच. पुरता भार देऊन पाय ठेवला होता आणि सापळा मिटला नव्हता! मी काठी घालून दाबली. जबडा पेंगत अर्धा वर आला आणि परत पडला. स्प्रिंग मेलेली. कुणीतरी ती भट्टीत लाल करून, हळूहळू निवू देऊन पुन्हा जशीच्या तशी बसवली होती. कुणी, ते तुला सांगायला नको. मालकाला खिळ्यावर सापळा दिसत राहावा, आणि कुणाचा पाय मात्र अडकू नये. आणि मी मूर्ख मनगटाची फुशारकी मारत होतो! तिथेच खडकावर बसून रडलो, कासिल्दा. बाबा गेले त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

तेवढ्यात समोरच्या उतारावर तित्तर बोलला. क्षणभर वाटलं, ओबिस्पोच. मग दुसरा बोलला, मग आणखी दोन. गेली कित्येक वर्षं त्या उतारावर कोल्हे अंडं म्हणून शिल्लक ठेवत नव्हते. लिंक्स आली की कोल्हा मुक्काम हलवतो, असं एल्विरा सांगायची तेव्हा मी तिला पुस्तकी पंडित म्हणायचो.

तिला पाठव. सही करतो. सापळ्याचं सगळं आधी तूच सांग, मला धीर नाही. रागावली तर रागावू दे. सापळा बाबांच्या खिळ्याला परत टांगलाय. ओबिस्पोवाचून घर खायला उठतं, म्हणून सकाळचा पाव-तेल हल्ली बाहेर भिंतीपाशी बसून खातो. उतारावरचे चौघं बोलत असतात. बाईसाहेबही काल येऊन गेल्या, भिंतीवर बसल्या, मला न्याहाळलं. मीही न्याहाळलं.

मनगटात मुळीच जोर नसलेला तुझा दादा,
फेर्मिन