चाहत्यांचा खेळ

हिंजवडी, पुणे
गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताई,

शिट्टी वाजली. दोन बोटं तोंडात घालून, खुर्चीवर चढून, सगळं थिएटर उभं असताना. लहानपणी नागपुरात बाल्कनीत तू माझे हात दाबून धरायचीस, पोरींनी शिट्ट्या मारायच्या नसतात म्हणून. आज धरायला कोणी नव्हतं.

मायना राहिलाच. तुम्ही सगळे बरे असाल. मी बरी आहे. सांगितलं होतं तसं कंपनीच्या कामाला दोन दिवस पुण्यात आलेय. फोन केला असता, पण तू मध्येच प्रश्न विचारतेस.

आपल्या हिरोचा तो जुना पिक्चर परत लागलाय. शहरातल्या एका जुन्या थिएटरात आज खास चाहत्यांचा खेळ होता. नाचा, ओरडा, कागद उधळा, कोणी हटकणार नाही. इथल्या ऑफिसातला उत्तरेश्वर अशा खेळांची तिकिटं दरवेळी काढतो. दुपारी माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, एक तिकीट उरलंय. अट एकच, बसून बघायचं नाही."

मी हो म्हणाले. उद्याच्या कामाआधी काहीतरी आपलं बघावं असं वाटलं.

हिंजवडीतून बाहेर पडताना बस जागची हलेना. "आम्ही नाटकाची तिकिटं काढत नाही, मॅडम," तो म्हणाला. "ट्रॅफिकच बघतो." बरोबर एक पिशवी होती. ऑफिसातल्या कागद कापायच्या मशीनमधल्या पट्ट्या. हिरो पडद्यावर आला तेव्हा आम्ही त्या मुठीमुठीने उडवल्या.

मध्यंतरात समोसे घेतले.

"एक विचारू का, मॅडम?"

वाघोलीकडच्या एका कंपनीने त्याला बोलावलंय. पगार तेवढाच. हो की नाही ते आजच कळवायचं होतं.

"घर धायरीला. तिथून वाघोली म्हणजे रोजचा परदेश दौरा. इथे निदान कंपनीची बस आहे," तो म्हणाला. "पण ऑफिसात कुजबुज होती, नागपूरच्या मॅडम माणसं काढायला येताहेत. आठवडाभर झोप नाही. बायको म्हणते, गुपचूप तिकडे जा."

"मग?"

"मग तुम्ही पिक्चरला आलात. सुटलो. ज्याला उद्या काढायचं त्याच्या शेजारी उभं राहून समोसा कोण खाईल?"

ताई, मी त्याच कामाला आलेय. तुला ट्रेनिंग म्हणून सांगितलं होतं. उद्या सकाळी ज्यांना आत बोलवायचं आहे, त्यांत त्याचं नाव आहे.

मी विचारलं, "नीट विचार केलात ना?" हे वाक्य आम्ही सगळ्यांनाच म्हणतो.

त्याने तिथेच मोबाइलवर नकार लिहिला आणि माझ्यापुढे धरला. "एकदा नजर घाला, मॅडम. आमचं इंग्रजी बार्शीचं."

मी वाचलं. म्हणाले, "शेवटी एक वाक्य घाला. पुढे कधी जागा निघाली तर जरूर कळवा, असं."

"कशाला?"

"बरं दिसतं."

त्याने घातलं. पाठवलं. समोशाचा कागद चुरगाळून डब्यात टाकला आणि आम्ही आत गेलो.

शिट्टी मी मारली ती याच्यानंतर.

आधी कोणाला सांगायचं नाही असा नियम आहे. सांगितलं तर माझीही नोकरी जाईल. हे खरं आहे. पण तेव्हा मला नियम आठवलाच नव्हता. मला उरलेला पिक्चर बघायचा होता.

भाऊजींना नोकरीवरून काढलं तेव्हा तू म्हणालीस, आदल्या दिवशी त्यांच्यासोबत डबा खाल्लेल्या त्यांच्या एचआरच्या बाईला माहीत असणारच. मी म्हणाले, तसं नसतं ताई.

तसं असतं. भाऊजी हल्ली खोलीबाहेर येत नाहीत, असं आई म्हणते. तू काहीच सांगत नाहीस.

उत्तरेश्वरचा नंबर माझ्याकडे आहे. आत्ता कळलं तर तो त्या लोकांना पुन्हा विचारू शकेल. कदाचित ऐकतीलही. पत्र संपवते आणि फोन लावते.

हे भाऊजींच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझी, तू अजून म्हणत असशील तर,
अक्षता

ता. क. शुक्रवार. फोन लावला नाही. सकाळी उत्तरेश्वर पहिला आत आला. "घसा बसला ना, मॅडम?" म्हणाला. खरंच बसला होता. कामावरून काढल्याच्या पत्रातला मजकूर समोरच्याला वाचून दाखवायचा असतो. माझा आवाज फुटेना, म्हणून कागद त्याच्याकडे दिला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, लॅपटॉप आत्ता जमा करू की संध्याकाळी. मी आत्ता म्हणाले.