हवेचा तिसरा भाग

४ ऑक्टोबर

म्हणे अर्धवट! परत तेच. सातवीत शाळा सोडली, गॅरेज चार महिन्यांत सोडलं, बेकरी दोन महिन्यांत. एवढं मलाही पाठ नाही, दादाला आहे. आज फोनवर सरळ म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तिथं तरी काही पुरं करून दाखव. नाहीतर परत ये आणि माझ्या हाताखाली वायरी ओढ." वा! स्वतः अकरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वायरी ओढतोय, आणि मी त्याच्या हाताखाली! तोंडावर बोललो नाही. वहीत बोलतो. ही उलटून बोलत नाही.

मी इथं टाक्यांत हवा भरतो. दिवसाला चाळीस. त्या पाठीला बांधून लोक समुद्रात उतरतात. खाली अडतीस मीटरवर युद्धाच्या वेळचं मालवाहू जहाज पडलंय, ते बघायला. मी तीस मीटरपर्यंत शिकलोय. आता मालकीणबाई म्हणाल्यात — जहाजावर नीट गेलास आणि नीट आलास, तर पुढच्या महिन्यापासून तू वाटाड्या. गिऱ्हाइकं घेऊन जायची. पगार दुप्पट.

मग बघू कोण अर्धवट!

७ ऑक्टोबर

बाईंनी पाटी काढली. साठीच्या आहेत, पण आवाज असा की हवा भरायचा कंप्रेसर बंद करावा लागत नाही.

"टाकीत हवेचा दाब दोनशे. काटा एकशेपस्तीसवर आला की वळायचं. समोर काहीही असो."

"अजून केवढी उरते की हो!"

"उरत नाही. एक भाग जायला, एक यायला. तिसरा तुझा नाहीच. सोबत्याचा. त्याची हवा संपली तर त्यानं काय माशांकडे मागायची?"

९ ऑक्टोबर

उतरलो!!

दोरी धरून खाली, खाली. हिरवं पाणी निळं झालं, मग काळपट. आणि एकदम पायाखाली जहाज. कुशीवर झोपलेलं, अख्खी गल्ली मावेल एवढं. तेवढ्या खोलवर हवेचीच नशा चढते. बाई तीन बोटं दाखवतात, आपण चार दाखवायची, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे हे कळतं. मी चारच दाखवली. पण एक जाडा मासा थेट मामासारखा दिसला आणि मी तोंडातल्या नळीत हसत सुटलो.

मग जहाजाची माल ठेवायची दुसरी कोठी. बॅटरी मारली — आत बल्ब! खोकी कधीच कुजून गेलीत, बल्बांचा ढीग उरलाय. आगबोट फुटली, माणसं गेली, आणि काच शाबूत! म्हटलं दादाला हे सांगायलाच पाहिजे, निदान जवळून बघून. काटा बघितला. एकशेपस्तीस. बल्ब पाच-सहा मीटरवर. एवढ्यासाठी अर्धवट सोडू? नाही म्हणजे नाही!

गेलो. बाईंनी पाय धरून मागे ओढलं.

वर आलो तेव्हा काटा चाळीसवर. होडीत बाईंनी आधी चहाचा कप संपवला. मग म्हणाल्या, "माझा भाग खाल्लास. दहा दिवस पाणी बंद. सूट धू."

१० ऑक्टोबर

वीस सूट धुतले. लोक सुटात काय काय करतात ते लिहीत नाही.

१५ ऑक्टोबर

आईचा फोन. माझं गाऱ्हाणं चालूच होतं. बोलता बोलता म्हणालो, दादानं तरी कुठं काय पुरं केलं? वायरमनचा दाखला आहे का त्याच्याकडे?

आई म्हणाली, "त्यानं शपथ घातली होती, पण आता सांगतेच. तू शाळेतून पळालास ना, त्या दिवशी त्याची वायरमनची शेवटची परीक्षा होती. पेन खिशात होतं. तसाच तुला शोधायला गेला."

दोन गावं पलीकडे, बसस्टँडवर सापडलो होतो मी, दुसऱ्या दिवशी. मारलं नाही त्यानं. केळी दिली. रिकामा होता म्हणून आला असेल, असंच मी आजवर धरून चाललो होतो.

१६ ऑक्टोबर

टाक्या भरल्या. काटा चढताना बघत बसलो. एक भाग. दुसरा. तिसरा.

२१ ऑक्टोबर

परत जहाज. बल्ब दिसले. काटा एकशेपस्तीस. बाई शेजारीच, पण वळायची खूण करेनात. मुद्दाम! उलट बॅटरी बल्बांवर धरून उभ्या. फार मोह झाला. फार.

वळलो. अंगठा वर केला, म्हणजे वर चला.

पुढची गंमत. दोरीनं वर येताना बाईंनी गळ्यावरून हात फिरवला — म्हणजे त्यांची हवा संपली! माझी दुसरी नळी त्यांच्या तोंडात दिली, दंडाला धरलं, आणि दोघं एकाच टाकीवर हळूहळू वर आलो. पुरली हवा. होडीत चढून बघतो तर त्यांची टाकी निम्मी भरलेली!

"आता सांग, तिसरा भाग कुणाचा?"

"तुमचा, बाई."

"आणि बल्ब राहिले ना बघायचे?"

"राहू द्या. ते काय पळून जातायत?"

"पळणारा इथं एकच होता," बाई म्हणाल्या आणि वाटाड्याचा पिवळा शर्ट अंगावर फेकला. दोन मापं मोठा आहे. चालेल!

२४ ऑक्टोबर

दादाला फोन.

"झालं का काही पुरं?"

"झालं. वाटाड्या झालो. परत येत नाही."

त्याचं नुसतं, "बरं." पण हे बरं नेहमीचं नव्हतं.

बल्बांचं सांगितलं. "फिलामेंट शाबूत होतं का?" मी म्हणालो, माहीत नाही, मधूनच वळलो. मला वाटलं आता अर्धवट म्हणेल. म्हणाला, "शहाणा झालास."

मग सहज विचारतोय असं दाखवून विचारलं — ती वायरमनची परीक्षा अजून असते का रे?

"डिसेंबरात. फॉर्म तीस तारखेपर्यंत." फटकन! मग एकदम, "तुला कशाला पाहिजे?"

असंच, म्हणालो.

अकरा वर्षं तारीख माहीत ठेवलीय त्यानं.

२८ ऑक्टोबर

पैसे पाठवले. घरखर्चाचे आईकडे, नेहमीसारखे. आणि वेगळे, दादाच्या नावावर — परीक्षेची फी, पुस्तकं, आणि चार दिवस कामावर जायचं नाही त्याचे — सात हजार दोनशे.