पंचवीसच्या वर जाणारी सायकल

रविवार, सतरा तारीख

चि. पान्या यास आजीचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर आले. कागद वाजत नाही, त्यामुळे तुला तो बंद करता येणार नाही. तिसरीपर्यंतच शिकले आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस. इकडे सगळं ठीक. माझा खालचा एक दात पडला. जे उरलेत ते एकमेकांपासून इतके लांब आहेत की भावकी वाटते. मोरीचा नळ परत गळतोय. शेजारीण म्हणाली, प्लंबर बोलवा. म्हटलं, तुझं तोंड गळतं तेव्हा आम्ही कोणाला बोलवतो? तेव्हापासून ती आपल्या दारात डोकावत नाही. बरं झालं.

तुझी आई जेवते. मध्यंतरी जेवत नव्हती, आता जेवते. कारण पुढे लिहीन.

तुला तिकडे सायकलच्या दुकानात काम मिळालं, खोली मिळाली, हे तुझ्या मित्राकडून कळलं. बापाचं सगळं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून तू गेलास. लोक म्हणाले, पोराला दुःख सोसलं नाही. मीही तेच म्हणत होते. लोकांचं म्हणणं आपलं म्हणून वापरायला सोपं पडतं.

पोलिसांनी तुझ्या बापाची मोटरची सायकल परत दिली. पुढून पार चेपलेली, मागून धड. बॅटरी वेगळ्या पिशवीत घालून दिली, व्हॅनवर आपटली तेव्हा निघून पडली होती म्हणे. त्यांनी ती लावून बघितलीच नाही. दांड्यावर कंपनीनं चिकटवलेलं लेबल वाचलं, वेग ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत, आणि झाली चौकशी. फौजदार मलाच समजावत होता, "आजी, ही पायडलची सायकल. कायद्यानं पंचवीसच्या वर जातच नाही. व्हॅनवाला खोटं बोलतोय."

मी म्हटलं, "कायद्यानं तर तुमच्या दारातला कचरासुद्धा डब्यात असतो."

तो हसला. मी सही केली आणि सायकल घेऊन आले. तेव्हा मलाही काही ठाऊक नव्हतं.

व्हॅनवाला म्हणजे तो बेकरीचा. तो गल्लीतून बाहेर पडला आणि उतारावरून तुझा बाप आला. तो बिचारा एकच वाक्य धरून बसलाय, "मी बघितलं तेव्हा सायकल लांब होती. एवढ्यात अंगावर आली कशी?" कोणी ऐकत नाही. कोठडीत आहे. त्याची बायको एकदा आपल्या पायरीवर येऊन बसली. शिव्या द्यायला आली असेल नाहीतर पाया पडायला, असं मला वाटलं, दोन्हीची तयारी ठेवून दार उघडलं. तिनं पाणी मागितलं. प्यायली, पेला विसळून दिला आणि म्हणाली, "ते खड्डासुद्धा हळू घेतात हो. पाव चेपतात ना." एवढंच बोलून गेली. मेलं ते वाक्य माझ्या घरातून जायचं नाव घेत नाही.

आता चाकाचं लिहिते.

तुझा बाप ज्याची औषधं घरोघर पोचवायचा, त्या दुकानदाराचा निरोप आला. नवा माणूस ठेवलाय, सायकल विकता का, दुरुस्त मी करून घेतो. निर्लज्जपणाला औषध नसतं, असतं तर त्याच्या दुकानात मिळालं असतं. पण म्हटलं, घरात अडगळ कशाला. तो बघायला यायच्या आधी मधल्या खोलीत सायकल स्टँडवर चढवली, बॅटरी खाचेत बसवली आणि किल्ली फिरवली.

मागचं चाक फिरायला लागलं.

पायडलवर पाय नाही. मी दोन हात लांब. आणि चाक आपलं फिरतंय, आधी हळू, मग असं की आरे दिसेनात. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडायला लागली. तुझी आई पिठाचे हात घेऊन दारात आली. चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "आले वाटतं."

पान्या, मी भुताला भीत नाही. तुझ्या आजोबांबरोबर संसार केलाय. पण तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. वाटलं, खरंच आलाय. सीटवर बसलाय, मला दिसत नाही एवढंच.

ती चाकासमोर खाली बसली. वाऱ्यानं तिचे केस मागे उडत होते. ती त्याला सांगायला लागली, गॅस संपत आलाय, पायऱ्यांवरचा दिवा गेलाय, पोराचा फोन येत नाही. अगदी तो जेवायला बसला की सांगायची तसं. मी किल्ली बंद केली, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला घराबाहेर काढलं.

तेव्हापासून त्याची यायची वेळ झाली की तिला चाक लागतं. बॅटरी तीच चार्ज करते. त्याच्याशी बोलते आणि मग जेवते. हे ते कारण. दुकानदाराला मी नाही म्हणून कळवलं.

पण माझं डोकं गप्प बसेना. भुताला बॅटरी कशाला लागते? एक दिवस ती बाजारात गेल्यावर मी सायकलपाशी बसले. हँडलच्या उजव्या मुठीवरचं रबर सोलून काढलं. आत दुसरी मूठ, स्कूटरला असते तशी, पिळायची. अपघातात दबून तशीच अडकलेली, म्हणून चाक आपोआप फिरत होतं. तिची वायर खाली मोटरच्या डब्याकडे गेलेली. तिथे मूळची वायर कापून ही जोडलेली, वर काळी पट्टी गुंडाळलेली. आणि पट्टीचं टोक आत दुमडलेलं.

पट्टी सगळं जग गुंडाळतं. पुढच्या माणसाचं नख तुटू नये म्हणून टोक दुमडून ठेवणारा मला एकच माहीत आहे. तुझ्या दप्तराचा पट्टा बांधताना मीच शिकवलं होतं.

लिहिलं एकदाचं.

नंतर मी लायसन देतात त्या कचेरीत गेले. खिडकीतल्या पोरीला वाटलं, मला लायसन हवंय. म्हणाली, "आजी, या वयात?" म्हटलं, "या वयात निदान ब्रेक तरी वेळेवर लागतात. मोटरच्या सायकलचा कायदा सांग." पोरगी चांगली होती, नीट सांगितलं. पायडल मारलं तरच मोटरनं ढकलायचं. पंचवीसला मोटरनं गप्प व्हायचं. तोवर ती सायकल, कोणीही चालवावी.

"आणि कोणी वायर बदलून जोरात पळवली तर?"

"मग ती सायकल नाही आजी, गाडी. लायसन पाहिजे, नंबर पाहिजे, विमा, हेल्मेट, सगळं पाहिजे. नाहीतर रस्त्यावर आणायचीच नाही."

"बदलणाऱ्याचं काय करतात?"

तिनं पेन खाली ठेवलं. "कोणी बदलली, आजी?"

"नळ गळतोय म्हणून विचारते," असं काहीतरी बोलून मी निघाले. वयाचा एक फायदा असतो, वेड पांघरलं तरी कोणी ओढून बघत नाही.

का केलंस ते मला कळतं. डावा डोळा अधू म्हणून तुझ्या बापाला लायसन मिळालं नाही, कायद्यानं त्याच्या वाट्याला ही गरीब सायकलच होती. दुकानदार त्याला सगळ्यांसमोर कासवाची औलाद म्हणायचा. म्हणजे मला. ते तुला बघवलं नसेल. बाप आधी नको म्हणाला असेल. मग एकदा उतारावर मूठ पिळली असेल आणि पोरासारखा हसला असेल. मी त्याला जन्म दिलाय, मला तो हसताना दिसतो. मूठ तू लावलीस, पिळली त्यानं. तुम्हा दोघांचं काय ते तुम्ही बघा. पण व्हॅनवाल्यानं यातलं काहीच केलेलं नाही, आणि आत तो बसलाय.

येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याची सुनावणी आहे. मी सायकल तिथे नेणार. साहेबांसमोर किल्ली फिरवणार. चाकच काय ते सांगेल.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. चाक नेलं की तिचा नवरा दुसऱ्यांदा जाईल. कारण कळलं की पोरगाही जाईल, निदान काही दिवस. हे मी माझ्या तोंडानं तिला सांगणार नाही. माझं तोंड फटकळ आहे, या कामाचं नाही. ते तुझं काम.

सायकल मला एकटीला ढकलवत नाही. हे रडगाणं नव्हे, पुढचं चाक फिरत नाही, ते कोणीतरी उचलून धरावं लागतं. तू आलास तर तू धर. नाही आलास तर व्हॅनवाल्याच्या बायकोला हाक मारीन. ती येईल. वाटेत तिनं विचारलं, ही वायर कोणी जोडली, तर त्या बाईशी मला खोटं बोलवणार नाही.

हे लिहितेय आणि पलीकडे चाक सुरू आहे. तुझी आई त्याला सांगतेय, आई पान्याला पत्र लिहितायत. आत्ता विचारलं तिनं, "तुम्हाला काही कळवायचंय का त्याला?" आणि चाकाकडे कान लावून बसली. मीही पेन उचलून ऐकलं. चाकाचा आवाज होता, बाकी काही नाही. म्हणून त्याच्या वतीनं एक अक्षर लिहीत नाही. लिहिलंय ते सगळं माझं.

तुझी आजी,
आणि त्याची आई