सोळा सेकंदांच्या आत

२१ एप्रिल

झालं एकदाचं! बापूंच्या तोंडून शब्द काढून घेतला.

गॅरेजचं शेड बापूंनी आणि मोठ्या काकांनी मिळून उभं केलं. काका गेले, म्हणून भावकीचं म्हणणं — आता ते काकांच्या दिपकला द्या. बापूंची पोरगी संघप्रिया काय, उद्या लग्न करून जाईल. डिप्लोमा झाल्यापासून आठ वर्षं मी त्या पत्र्याखाली ग्रीसमध्ये हात घालतेय, ते कुणाला दिसत नाही. दिपकदादा वाईट नाही. पण त्याचं काम डेंटिंग-पेंटिंगचं. "इंजिन उघडलं की मला घाम फुटतो," असं तो स्वतःच सांगतो.

शेवटी बापू म्हणाले, "तुझी ती डिझेल गाडी चारशे मीटर सोळा सेकंदांच्या आत पळव. भावकीला काय सांगायचं ते मी सांगतो. न्हाय जमलं तर शेड दिपकचं. मग रडायचं न्हाय."

रडतंय कोण. शर्यत १९ मेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या जुन्या धावपट्टीवर. आज गाडी आहे तशी पळवून वेळ घेतली. अठरा पॉइंट दोन.

२६ एप्रिल

टर्बोचं प्रेशर वाढवलं. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा इंटरकूलर आणला, पुढचा बंपर कापून बसवला. टर्बोतून तापून येणारी हवा आता जास्त थंड होऊन इंजिनात जाईल. मग लॅपटॉप जोडून डिझेलचं प्रमाण वाढवलं — जरा जास्तच. काळाकुट्ट धूर! दिपकदादा खोकत बाहेर पळाला. "अगं, गाडी हाय का वीटभट्टी?"

प्रमाण खाली आणलं.

३० एप्रिल

सतरा पॉइंट एक. अजून एक सेकंद आणि वर थोडं. मिळवणारच.

३ मे

क्लच घसरतोय. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की आवाज वाढतो, वेग नाही. एवढा जोर वाढवला तो चाकापर्यंत पोचतच नाही. क्लच बदलेन. पण गिअरबॉक्सही कुरकुरायला लागलाय, आणि ते काम मला बापूंसारखं येत नाही. इथे लिहायला काय हरकत. गिअरबॉक्स म्हटलं की पार नातेपुत्याहून लोक बापूंना शोधत येतात. पण ज्यांनी अट घातली त्यांच्याकडेच कसं जायचं?

४ मे

गेले. बापूंनी चहा संपवला, बशी खाली ठेवली. "काढ खाली," म्हणाले.

८ मे

चार दिवस बापूंचा हात थांबला नाही. बेअरिंगं बदलली, नवा दणकट क्लच बसवला. आणि आज मला न विचारता डिफरन्शिअलचे, म्हणजे चाकांना जोर पोचवणारे शेवटचे गिअर दुसऱ्या मॉडेलचे टाकले! मी चिडले. तर म्हणाले, "आता तिसराच गिअर एकशेचाळीसपतुर जातोय. चौथा टाकायचाच न्हाय. गिअर बदलताना जातो तेवढा वेळ वाचला की."

मला कसं सुचलं नाही हे? मला हरवायचं असतं तर माणूस एवढं डोकं लावतो का? बापूंना नक्की काय हवंय, कळत नाही.

१३ मे

पंधरा पॉइंट आठ!!

वळसंगला गुरुशांतच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. गुरुशांत माझा डिप्लोमाचा मित्र, आत सरळ लांब रस्ता आहे त्याच्या. रोजच्यासारखं पहाटे साडेपाचला गेलो. सध्या सगळी कामं पहाटेच, अकरानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. तीनदा पळवली, तिन्ही वेळा सोळाच्या आत. बापू नुसते "हं" म्हणाले. पण परत येताना दोन प्लेट भजी घेतली.

१९ मे

हरले.

माझा नंबर आला दुपारी एकला. चव्वेचाळीस डिग्री. पहिल्या फेरीला सोळा पॉइंट चार. लॅपटॉपवर बघितलं तर इंजिनात जाणारी हवा इतकी तापलेली, की गाडीच्या कॉम्प्युटरनेच डिझेल कापलेलं. आणि बापूंच्या त्या लांब पल्ल्याच्या गिअरांना तर पूर्ण जोर लागतो. महिनाभर मी गाडी पहाटेच्या गारव्यात जुळवत राहिले. शर्यत दुपारी असेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. मूर्ख!

सरबतवाल्याकडून बर्फ आणून इंटरकूलरवर रचला. सोळा पॉइंट एक. शेवटची फेरी उरली. उष्णतेची मर्यादा लॅपटॉपवरून काढून टाकता आली असती. बोट कळीवर होतं. बापूंकडे बघितलं. "गाडी तुझी हाय," एवढंच बोलले. इंजिन फुटलं असतं, किंवा पंधरा-आठ आलं असतं. नाही काढली. गिऱ्हाइकाच्या गाडीला जे करणार नाही ते माझ्या गाडीला का करू?

सोळा पॉइंट शून्य चार.

२० मे

बापूंनी भावकीसमोर किल्ल्या दिपकदादाला दिल्या. तो घेईना. "संघा, तू पण ये की हितंच," म्हणत होता. मी नाही म्हटलं. बापूंवर राग आहे. फार आहे. चार शतांश! डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं?

रडले. लिहून टाकते.

२ जून

अक्कलकोट रस्त्याला एक गाळा बघितला आणि भाड्याने घेतला. छोटा आहे, पण माझा. गुरुशांतने त्याची गाडी दुरुस्तीला पाठवतो म्हणून सांगितलंय. बापूंना कळवलं नाही.

५ जून

भर दुपारी एकला, त्याच जिनिंगच्या रस्त्यावर. आठ दिवस दुपारचीच ट्यूनिंग केली, डोकं भणभणलं. मर्यादा जागेवर, बर्फ नाही. पंधरा पॉइंट नऊ. बघायला गुरुशांत सोडून कुणी नव्हतं. तरी चालेल.

९ जून

सकाळी गाळ्याचं शटर वर करून वळले तर मागे बापू उभे, हातात पान्यांची पिशवी.

म्हणाले, "शब्द पाळून झाला. आता मी मोकळा हाय. मालकीणबाई, गिअरबॉक्सला माणूस लागतोय का?"