उत्तरेची भिंत सगळ्यात शेवटी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, मी तर जरा जास्तच. तुझ्या बापाचं म्हणणं, फोन असताना पत्र लिहायचं म्हणजे रिकामा उद्योग. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ‘हो आजी, बरं आजी, ठेवते आजी’, झालं. कागदाला मध्येच ‘ठेवते’ म्हणता येत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षरं एक पुढे तर एक मागे चालतील, पण वाचता येतील तुला. चार दिवस लिहितेय. दुपारी जेवणं उरकली की बसते. तुझी आई विचारते काय चाललंय, मी सांगते, वाणसामानाची यादी. काल म्हणाली, एवढी लांब यादी, लग्न काढलंय की काय कुणाचं? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं परत एकदा काढावं म्हणते. हसली नाही. तिला तुझी काळजी लागलीय, म्हणून हसू येत नाही, एरवी ती वाईट नाही.

तर तिच्याकडूनच कळलं की पुढच्या एक तारखेपासून तू विम्याच्या कचेरीत काउंटरवर बसणार, आणि भिंती धुवायचं ते पाण्याचं मशीन विकायला काढलंस. कचेरी चांगली. पंखा, खुर्ची, रविवारची सुट्टी. मी कचेरीला नावं ठेवणार नाही. पण तू खुर्चीवर बसणार, हे काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. तुला जेवायला बसवायचं तर ताट घेऊन तुझ्यामागे फिरावं लागायचं, भिंगरी नाव काय उगीच पडलं?

तू मशीन आणलंस तो दिवस आठवतो का? अंगणात लावलंस, नळी जोडलीस आणि आपल्या मागच्या भिंतीवर पाणी सोडलंस. सात वर्षांचं काळं शेवाळ असं सरसर खाली आलं, जसा कुणी पडदा ओढला. मला तर रडूच फुटलं. तुला वाटलं आनंदाने. आनंद होताच, पण खरं सांगू, रागही आला होता. एवढी भिंत ब्रश आणि बादलीने घासायला मला दोन दिवस लागायचे. खांदे भरून यायचे, नखं कुजायची. आणि हे तू चहा गार व्हायच्या आत करून मोकळी! मग मी म्हटलं, दे मला एकदा ती पाण्याची बंदूक. दिलीस. आणि मी चाप ओढला तशी थेट मागच्या कुंडीत जाऊन बसले. तुझा बाप ओरडतोय, तू हसून हसून जमिनीवर, आणि मी चिखलात बसून विचारतेय, अजून एकदा दे की.

तेव्हाच खरं म्हणजे तुला बसवून चार गोष्टी सांगायच्या होत्या. मशीन कसं चालवायचं ते तू शिकलीस, भिंत कधी धुवायची ते तुला कुणी शिकवलं नाही. ती चूक माझी. मला वाटलं, आताच्या पोरींना काय सांगायचं, त्यांच्या फोनमध्ये सगळं असतं.

तुझ्या आजोबांचं नाव रंगारी म्हणून गाजलं, पण त्यांच्या ब्रशाच्या आधी माझा हात भिंतीवर फिरायचा. धुणं, खरवडणं, भोकं बुजवणं माझं. रंग त्यांचा. आणि रंग कधी लावायचा ते ठरवणं पुन्हा माझं. ते कसं, तर भिंतीला गाल लावून. हात नाही चालत. आमचे हात चुन्याने आणि पाण्याने असे राठ झालेले की चटका बसला तरी दोन क्षणांनी कळायचं. गाल मऊ असतो, त्याला लगेच समजतं. भिंत वरून कोरडी दिसते, पण आत पाणी असेल तर गालाला गार लागते, आणि तो गारवा उठत नाही, चिकटून राहतो. आजोबा खालून विचारायचे, काय म्हणतेय? मी सांगायचे, थांब म्हणतेय. की ते डबे झाकून विडी ओढायला मोकळे. मालक लोक हसायचे. एक बाई म्हणाली, रंगाऱ्याची बायको आमच्या भिंतीच्या प्रेमात पडली वाटतं.

आता तुझ्या त्या गणिताच्या बाईंचं घर. फोनवर तू रडत रडत सांगितलंस तेवढ्यावरून मला जे कळलं ते लिहिते, चुकलं तर सांग. पाऊस थांबून चारच दिवस झाले होते. बाईंची लेक परदेशातून येणार, म्हणून त्यांना घाई. तू धुतलंस. पुढच्या आठवड्यात त्यांच्या रंगाऱ्याने रंग मारला. दीड महिन्यात भिंतीला फुगे आले, आणि मग तळहाताएवढे पोपडे गळायला लागले. रंगाऱ्याने हात वर केले, धुणाऱ्या पोरीने भिंतीत पाणी भरलं म्हणाला. बाई भर रस्त्यात तुला बोलल्या. आणि तू मशीनवर ताडपत्री टाकलीस ती टाकलीसच.

अगं, चार महिने भिंत पाणी पीत होती. तिने अजून श्वास सोडला नव्हता, आणि तू वरून एवढ्या जोराचं पाणी मारलंस. जोराचं पाणी नुसतं मळ काढत नाही, फटीफटीतून आतही घुसतं. त्यावर लगेच रंग म्हणजे भिजलेल्या माणसाला रेनकोट घालून बटणं लावण्यातली गत. पाणी बाहेर यायला रस्ता मागणारच. पावसानंतर निदान महिना दीड महिना थांबायचं. मग कडक थंडी आली की पुन्हा थांबायचं, कारण तेव्हा सकाळी दहापर्यंत दव आणि चारला ऊन गेलेलं, धुतलेली भिंत वाळायची कधी? भर उन्हाळ्यातही नको, साबण भिंतीवरच सुकतो आणि पांढरे ओघळ राहतात, ते मग आयुष्यभर निघत नाहीत. थंडी मोडली आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावासा वाटला की ती वेळ खरी. त्यातही समोर झाड असेल तर त्याची फुलं झडून जाऊ द्यायची, नाहीतर आज धुतलेलं घर आठ दिवसांत पिवळ्या धुळीने हळद लावल्यासारखं दिसतं. आणि एकाच घराच्या चार भिंतींना चार वेळा असतात. दक्षिणेची आधी वाळते. उत्तरेची सगळ्यात शेवटी. तिच्यापाशी कधीही घाई करायची नाही, ती माझ्या सासूसारखी, तिचं तिला ठरवू द्यायचं.

हे सगळं मला जन्मतः येत होतं असं समजू नकोस. आता जे लिहितेय ते तुझ्या बापालाही माहीत नाही. हे लिहायचं की नाही यात माझे दोन दिवस गेले.

तुझा बाप चार वर्षांचा होता. आम्हाला नव्या दवाखान्याचं काम मिळालं होतं, गावातलं सगळ्यात मोठं. डॉक्टर भला माणूस, पण उद्घाटनाचे कागद छापून बसलेला. भिंती धुऊन झाल्या. आणि माझी दाढ सुजली. इतकी की डावा गाल माठासारखा, उजव्या बाजूलाही ठणका. रंगाच्या दिवशी आजोबांनी नेहमीसारखं विचारलं, काय म्हणतेय? गाल टेकवायची माझी छाती झाली नाही. मी नुसता हात लावला. राठ हात. काहीच कळलं नाही. मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं. मी म्हटलं, चालेल म्हणतेय.

दोन महिन्यांत दवाखान्याचा रंग सापाच्या कातीसारखा सुटला. पेशंट वाट बघत बसायचे आणि पोपडे सोलत बसायचे. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मी आजोबांच्या मागे उभी होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, माझी घाई झाली साहेब, ओल बघितली नाही. झालं. सगळ्या गावात त्यांची नाचक्की झाली. आठ महिने धड काम नाही. मी तर ठरवून टाकलं होतं की दुसरं काही बघायचं, मी कुणाकडे धुणीभांडी करीन. आजोबांनी नाही ऐकलं. थंडी मोडल्यावर दवाखान्यात गेले, म्हणाले, आता करून देतो नीट. सगळं खरवडून, धुऊन, थांबून पुन्हा केलं. आणि रंगाच्या सकाळी डबे उघडायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणतेय? सगळ्यांच्या देखत. भिंगरी, ते मला ओरडले असते तर मी विसरून गेले असते. त्यांनी विचारलं म्हणून मला आजपर्यंत आठवतं. त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला कधी कळलं नाही. मी सांगितलं नाही आणि ते गेले. आता तुला सांगितलं, बरं वाटलं, दाढ उपटल्यासारखं.

मध्येच एक बातमी. आपल्या मांजरीने मशीनच्या रिकाम्या खोक्यात तीन पिल्लं घातली आहेत. खोकं टाकायचं नाही असं मीच म्हटलं होतं, तुझी आई माझ्यावर चिडली होती, आता तीच त्यात जुनी चादर घालते. आणि माझ्या डोळ्यांचं म्हणशील तर उत्तम आहेत. डोळ्यांचा विषय एवढ्यासाठी काढला की मंगळवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून घरातून निघाले, आणि ते खोटं होतं.

मी तुझ्या गावाला आले होते. दोन तास बसमध्ये, खिडकीची जागा मिळाली. तुझ्या खोलीखालून गेले, वर तुझा निळा टॉवेल वाळत होता. हाक मारावीशी फार वाटली. पण तू मला अडवलं असतंस. पाण्याच्या टाकीसमोरचं बाईंचं फाटक विचारत विचारत गेले आणि बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, मी म्हटलं, तुमची भिंत बिघडवणाऱ्या मुलीची आजी. त्यांचा चेहरा असा झाला की आता ही म्हातारी भांडणार. मी सरळ घराला वळसा घातला आणि एकेका भिंतीला गाल लावत सुटले. बाई मागून, अहो आजी, चुना लागेल, अहो हे काय करताय? मी म्हटलं, तुम्ही पण लावा. नाही म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून चष्मा काढला आणि लावला. दक्षिणेची भिंत वाळलेली. उत्तरेची अजून गार. बाईंनी गाल तसाच टेकवून ठेवला. मग म्हणाल्या, त्या मुलीने दोनदा विचारलं होतं हो, थोडं थांबायचं का म्हणून. मीच म्हटलं, लेक येतेय, आत्ताच हवंय. रस्त्यावर बोलले त्याचं वाईट वाटतं, तीन वेळा फोन केला, ती उचलतच नाही. भिंगरी, तू थांबायचं का म्हणून विचारलं होतंस, हे मला का नाही सांगितलंस गं? तुझ्यात ती समज आहे. ती शिकवून येत नाही. फक्त मालकाला ‘नाही’ म्हणायचं राहिलं, ते येईल.

तर आता हे पत्र कशासाठी ते. बाईंनी चहा केला आणि वही काढली. चारही भिंती वहीत आखल्या, तारखा घातल्या. दहावीची परीक्षा संपल्यावरचा पहिला सोमवार ठरला आहे. तोवर फुलंही झडतात, मी झाड बघून आले. आधी तीन भिंती, उत्तरेची आणखी दहा दिवसांनी. नळ मागच्या बाजूला आहे, नळी लांब लागेल. बाईंनी विचारलं, काम कुणाच्या नावावर लिहू? मी म्हटलं, माझ्या. त्यांनी लिहिलं, मी खाली सही केली, तिसरीतली का होईना, ठसठशीत. आता तू मशीन विकलंस तरी माझं काही अडत नाही. मी ब्रश काढून भिजत घातला आहे, माळ्यावरची शिडी तुझ्या बापाच्या नकळत खाली घेतली आहे, आणि शहात्तराव्या वर्षी दुमजली घर एकटीने धुवायला सोमवारी सकाळी आठला त्या फाटकाशी उभी राहणार आहे. तुला आजीची मजा बघत काउंटरवर बसायचं असेल तर खुशाल बस. नाहीतर बाईंचा फोन उचल, आणि सांग की आजीबरोबर मीही येतेय.

तुझीच,
शिडीवर चढायला तयार असलेली,
आजी